ना-नफा म्हणजे फुकट नव्हे: फौजी डॉक्टरकीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात परदेशातल्या संशोधनाच्या नोकऱ्यांवर पत्रं घेतली होती, त्यात अमेरिकेतल्या हेन्री जॅक्सन फाउंडेशनचा जाता जाता उल्लेख आला, सैन्याच्या वैद्यकीय संशोधनाला आणि शिक्षणाला मदत करणारी संस्था म्हणून. तेव्हापासून मेलबॉक्स त्याच विषयाने भरलाय. पुण्यात हे व्हायचंच म्हणा, इकडे वानवडीत एएफएमसी हे सैन्याचं मेडिकल कॉलेज, तिकडे खडकीची छावणी, आणि घरटी कोणीतरी अमेरिकेत. शस्त्रक्रियेच्या तक्रारी आणि पेन्शनच्या फाइली या वेळी बाजूला ठेवल्यात, त्या पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न: माझ्या मुलीचं बायोटेकमधलं पीएचडी झालंय, तिला हेन्री जॅक्सन फाउंडेशन नावाच्या संस्थेकडून पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीची, ऑफर आलीय. काम अमेरिकेतल्या बेथेस्डा गावात, मिलिटरीच्या कॅम्पसमधल्या लॅबमध्ये. घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात पोरीला फौजेत पाठवायचं नाही, आणि यांना वाटतंय की हा सगळा फ्रॉडच आहे. तिला युनिफॉर्म घालावा लागेल का हो?
— एक आई, कोथरूड

ताई, युनिफॉर्म नाही, परेड नाही आणि सलामही नाही. सासूबाईंना सांगा की नात फौजेत जात नाहीये, फौजेच्या शेजारी बसणार आहे एवढंच.

संस्था खरी आहे, आणि चांगली जुनी आहे. १९८३ साली अमेरिकन संसदेने कायदा करून ती काढली, त्याच वर्षी वारलेले सिनेटर हेन्री जॅक्सन यांचं नाव तिला दिलं. सैन्याची स्वतःची एक मेडिकल युनिव्हर्सिटी आहे, युनिफॉर्म्ड सर्व्हिसेस युनिव्हर्सिटी, तिच्या प्राध्यापकांच्या संशोधनाचा व्यवहार सांभाळायला ही संस्था जन्माला आली आणि नंतर सैन्याच्या बाकीच्या दवाखान्यांचं, लॅबचंही काम तिच्याकडे येत गेलं. गंमत म्हणजे संसदेने जन्माला घातली तरी ती सरकारी खातं नाही असं त्या कायद्यातच लिहून ठेवलंय. त्यामुळे तुमची मुलगी नोकर कोणाची तर फाउंडेशनची, पगार फाउंडेशनचा, सुट्ट्यांचे नियम फाउंडेशनचे, फक्त टेबल मिलिटरीच्या इमारतीत. गेटवर रोज ओळखपत्र दाखवावं लागेल आणि जॉइन व्हायच्या आधी तिची पार्श्वभूमी तपासतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही पण वेळ जातो, कधी कधी बराच जातो, म्हणून इथली नोकरी आजच सोडू नका म्हणावं.

कॅम्पसचं म्हणाल तर युनिव्हर्सिटी आणि वॉल्टर रीड हे सैन्याचं मोठं हॉस्पिटल एकाच आवारात आहे, रस्त्याच्या पलीकडे एनआयएच, म्हणजे त्यांची सगळ्यात मोठी सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था, आणि मेट्रोचं स्टेशन समोरच. जंगलातली छावणी वगैरे अजिबात नाही.

आता तुमच्या यजमानांच्या फ्रॉडच्या शंकेबद्दल. शंका घेतली हे चांगलंच केलं, कारण खऱ्या संस्थेच्या नावाने खोटी ऑफर देणारे भरपूर आहेत. सोपी परीक्षा अशी की व्हिसा प्रोसेसिंग, सिक्युरिटी डिपॉझिट, मेडिकल किट असल्या कुठल्याही नावाने उमेदवाराकडे एक रुपया जरी मागितला तरी फोन ठेवून द्यायचा. मेल कुठल्या पत्त्यावरून आलाय तो बघा, तीच जागा संस्थेच्या वेबसाइटवर जाहिरात म्हणून दिसतेय का ते बघा, आणि ज्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायचंय त्याच्या युनिव्हर्सिटीच्या पत्त्यावर तिने स्वतः एक साधा मेल टाकावा. दोन ओळींचं उत्तर आलं की यांची शंका मिटेल.

मला खरी काळजी वेगळीच वाटते आणि ती कोणी विचारत नाही. असल्या फाउंडेशनमधली नोकरी बहुतेक वेळा एका प्रोजेक्टला बांधलेली असते, ग्रँट संपली की नोकरी संपली, आणि व्हिसा नोकरीला बांधलेला असला की पुढचं तुम्हीच समजून घ्या. म्हणून तिने तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: ग्रँट किती वर्षांची मंजूर आहे, मध्येच पैसा आटला तर नोटीस किती, आणि या जागेला अमेरिकन नागरिकत्वाची अट कुठे पुढे आडवी येणार आहे का. मिलिटरी लॅबमधल्या काही कामांना ती अट असते, सगळ्यांना नाही. हे विचारताना संकोच करू नये, तिकडे याला उद्धटपणा समजत नाहीत.

प्रश्न: अमेरिकेच्या सैन्याकडे पैशाला काय तोटा? त्यांना एनजीओ कशाला लागते? मी बँकेत आयुष्य काढलंय, सरकारी पैसा बाजूच्या खात्यातून फिरायला लागला की माझे कान टवकारतात.
— एक निवृत्त अधिकारी, सदाशिव पेठ

काका, कान टवकारलेलेच ठेवा. पण आधी हे खातं बाजूला का काढलं ते बघू.

सरकारी पैशाला एक्सपायरी डेट असते हे तुम्हाला मी काय सांगणार. आपल्याकडचा मार्चएंड तिकडे ३० सप्टेंबरला येतो. संशोधनाला मात्र मार्च कळत नाही आणि सप्टेंबरही, पेशंट पाच पाच वर्षं फॉलो करावे लागतात, तिसऱ्या वर्षी लॅब टेक्निशियन सोडून गेला तर पंधरा दिवसांत दुसरा लागतो, सरकारी भरतीने तो यायला आठ महिने जातात आणि तोवर फ्रीजमधले नमुने कोण बघणार. शिवाय सैन्याच्या युनिव्हर्सिटीतला प्राध्यापक हुशार असेल, त्याला दुसऱ्या सरकारी खात्याची, एखाद्या औषध कंपनीची किंवा धर्मादाय ट्रस्टची ग्रँट मिळू शकत असेल, पण तो स्वतः सरकारी नोकर, त्याचं कॉलेज सरकारी, बाहेरचा पैसा घ्यायचा कोणी आणि कुठल्या हेडखाली? आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला माजी विद्यार्थ्याने कॉम्प्युटर द्यायचे म्हटलं की हेडमास्तर चेक स्वतःच्या नावावर घेऊ शकत नाहीत, मग शाळेशेजारी माजी विद्यार्थ्यांचा ट्रस्ट उभा राहतो, तो पैसे घेतो, सामान घेतो, शिपायाचा पगारही देतो, तसलाच हा प्रकार, फक्त रकमा डॉलरमध्ये आणि शून्यं जास्त.

म्हणजे हे फाउंडेशन लोकांकडून वर्गणी मागत फिरणारी संस्था नाही. त्यांचं बहुतेक सगळं ग्रँट आणि काँट्रॅक्टवर चालतं, त्यातून ठरावीक टक्के ओव्हरहेड कापून ऑफिस चालतं. माणसं नेमणं, खरेदी करणं, ट्रायलची कागदपत्रं, पेटंट काढून कंपनीला लायसन्स देणं, सगळं कंटाळवाणं काम, आणि माझं स्पष्ट मत असं की याच कंटाळवाण्या कामापायी जगातलं अर्धं संशोधन अडकून पडतं, हुशारीअभावी नाही.

पुण्याला हे नवीन नाही बरं का. आपली एनआयव्ही, कोविडमध्ये जिचं नाव घराघरात गेलं ती, १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली तेव्हा एका बाजूला आयसीएमआर, म्हणजे आपली सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद होती आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा त्या तापाचा विषाणू शोधून काढला तो याच संस्थेच्या माणसांनी. बाहेरचा पैसा होता म्हणून काम वाईट झालं नाही.

आता तुमच्या कानांसाठी. ना-नफा म्हणजे नफा मालकाच्या खिशात जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. साहेबांचे पगार कमी असतात असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, आणि अमेरिकेत ते बघून डोळे फिरतात. पण निदान बघता तरी येतात. तिकडच्या अशा संस्थांना दरवर्षी आयकर खात्याकडे फॉर्म ९९० भरावा लागतो, तो सार्वजनिक असतो, इंटरनेटवर फुकट मिळतो. त्याचा भाग ७ उघडा, संचालक आणि सगळ्यात जास्त पगार घेणाऱ्यांची नावं आणि आकडे लिहिलेले असतात. जॅक्सन फाउंडेशनच्या कायद्यात तर संसदेच्या दोन्ही सभागृहांतल्या संरक्षण समित्यांचे अध्यक्ष आणि अल्पमतातल्या पक्षाचे प्रमुख सदस्य पदसिद्ध संचालक म्हणून आहेत, म्हणजे दोन्ही पक्ष एकाच टेबलाला. याने गैरव्यवहार होतच नाही असं मी म्हणणार नाही, पण कोणाला विचारायचं ते ठरलेलं आहे. आपल्याकडच्या किती ट्रस्टांचे विश्वस्त आपले पगार आणि भत्ते असे चव्हाट्यावर मांडतात सांगा.

प्रश्न: मिलिटरी आणि मेडिकल रिसर्च हे दोन शब्द एकत्र आले की माझ्या डोक्यात जैविक शस्त्रंच येतात. हॉस्टेलवर यावरून रात्रभर वाद झाला. आम्ही चुकतोय का?
— बीएस्सीचे तिघं, फर्ग्युसन रोड

मित्रांनो, पूर्ण चुकत नाही आहात, अर्धं चुकताय. अमेरिकन सैन्याचा इतिहास याबाबतीत धुतल्या तांदळासारखा अजिबात नाही. मेरीलँडमधल्या एजवुड आर्सेनलमध्ये १९७५ पर्यंत दोन-अडीच दशकं सुमारे ७,००० जवानांवर रासायनिक पदार्थांचे प्रयोग झाले, एलएसडी या भ्रम आणणाऱ्या ड्रगसकट, आणि त्यांना काय दिलं जातंय याची धड कल्पनाही दिली नव्हती. जैविक शस्त्रांचा आक्रमक कार्यक्रम त्यांनी १९६९ मध्ये बंद केला, १९७५ मध्ये त्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार लागू झाला, भारतही त्यात आहे. जंतूपासून बचाव शिकायचा तर जंतू लॅबमध्ये ठेवावाच लागतो, त्यामुळे संशयाला जागा कायम राहणार, आणि राहावीच.

पण सैन्याच्या डॉक्टरांचा बराचसा वेळ कशात जातो ते बघा: मलेरिया, जुलाब, रक्तस्राव थांबवणं, तुटलेले पाय, झोप उडालेली माणसं. सैन्य जिथे जातं तिथले डास त्याला चावतात, सरळ हिशोब आहे. रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत १८९७ च्या २० ऑगस्टला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला तेव्हा तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला फौजी डॉक्टरच होता.

आणि एड्सची लस. ऐकून आश्चर्य वाटेल, पण एचआयव्हीच्या लशीने माणसात थोडं का होईना संरक्षण मिळतं असं पहिल्यांदा ज्या चाचणीत दिसलं, तिच्यामागे अमेरिकन सैन्याचा एचआयव्ही कार्यक्रम होता आणि त्याचा व्यवहार बघणारं हेच जॅक्सन फाउंडेशन. चाचणी झाली थायलंडमध्ये, थाई सरकारबरोबर, १६,००० हून जास्त साध्या नागरिकांवर. निकाल २००९ मध्ये आला. तुम्ही सायन्सवाले आहात तर आकडे हातात घेऊनच बघा. दोन्ही गट जवळपास सारखे, आठ-आठ हजारांचे. ज्यांना नुसतं खोटं इंजेक्शन दिलं त्यांच्यात ७४ जणांना लागण झाली, लस घेतलेल्यांत ५१ जणांना. ७४ मधून ५१ गेले २३ उरले, २३ भागिले ७४, म्हणजे ३१ टक्के. बस, एवढंच ते गाजलेलं संरक्षण. सोळा हजार माणसांत २३ जणांचा फरक, चार-सहा जण इकडचे तिकडे झाले असते तर निकालच फिरला असता, म्हणून तेव्हा शास्त्रज्ञांच्यात भरपूर भांडणं झाली. पुढे तशाच धर्तीची सुधारलेली लस दक्षिण आफ्रिकेत दिली तिचा उपयोग दिसला नाही म्हणून २०२० मध्ये ती चाचणी थांबवली. तरीही थायलंडच्या त्या रक्ताच्या नमुन्यांवरून कुठल्या प्रकारच्या अँटिबॉडीने संरक्षण मिळालं असेल यावर लोक अजून काम करतायत. आपल्या भोसरीच्या नारी या एड्स संशोधन संस्थेतसुद्धा २००५ साली एचआयव्ही लशीची भारतातली पहिली चाचणी झाली होती, तिच्यामागेही एक आंतरराष्ट्रीय ना-नफा संस्था होती, ती लस पुढे गेली नाही. या विषयात फसलेल्या लशींची यादी फार लांब आहे.

प्रश्न: माझा भाचा फौजेत आहे. त्याच्या युनिटमध्ये डॉक्टर आले होते, कसल्याशा अभ्यासासाठी रक्त देणार का विचारलं, सगळ्यांनी सह्या केल्या म्हणून यानेही केली. आता त्याची बायको मला विचारतेय, या रक्ताचं पुढे काय करतात? आणि नाही म्हणता आलं असतं का?
— एक निवृत्त सुभेदार, घोरपडी

सुभेदारसाहेब, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. हो, नाही म्हणता आलं असतं, आजही येतं. अभ्यासातून कधीही बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही आणि त्यामुळे त्याच्या उपचारात किंवा नोकरीत फरक पडता कामा नये. हे कागदावर. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही मला शिकवाल, सीओसाहेब समोर उभे असताना नाही कोण म्हणणार. म्हणूनच औषध चाचण्यांचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, जीसीपी म्हणतात, त्यात सैन्यातल्या माणसांना कैद्यांच्या आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीने असुरक्षित गटात धरलंय. दुबळे म्हणून नाही, वरच्याला नाही म्हणायची सवय नसते म्हणून. अमेरिकन सैन्याने तर नियमच केलाय की अभ्यासाची माहिती देताना त्या जवानाचे वरिष्ठ खोलीत थांबणार नाहीत. मला हा नियम फार आवडतो, असा साधा नियम सगळीकडे असावा, कॉलेजांतसुद्धा.

भाच्याला सांगा, सही केली त्या कागदाची प्रत माग. ती त्याचा हक्क आहे, कोणी मेहेरबानी करत नाही. माहितीपत्रक त्याला समजेल अशा भाषेत असायला हवं. त्यात चार गोष्टी शोधा: अभ्यास कशाचा आहे, उरलेलं रक्त साठवणार का आणि किती वर्षं, ते दुसऱ्या संस्थेला किंवा परदेशात जाणार का, आणि अभ्यास नीतीने होतोय ना ते बघणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन नंबर. तो नंबर नुसता शोभेला नसतो, लावा फोन. औषधाची किंवा लशीची चाचणी असेल तर ती क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदलेली असलीच पाहिजे, २००९ पासून सक्ती आहे, नोंदणी क्रमांक टाकला की वेबसाइटवर सगळं दिसतं, पैसे कोण देतंय तेही. आणि चाचणीमुळे काही इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई, हे २०१९ च्या औषध चाचण्यांच्या नियमांत स्वच्छ लिहिलंय.

आता रक्ताचं काय होतं. एक उदाहरण सांगतो, अमेरिकेचं आहे पण तुमच्या सुनबाईंना आवडेल. तिकडे जवानांची ठरावीक काळाने एचआयव्ही तपासणी होते, तपासून उरलेलं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, फेकून न देता ते गोठवून ठेवतात. असे ६ कोटींहून जास्त नमुने जमलेत. हार्वर्डच्या लोकांनी सैन्याच्या डॉक्टरांबरोबर त्यातले जुने नमुने काढले आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण झिजवणारा जो आजार आहे, तो ज्या जवानांना पुढे झाला त्यांच्या आधीच्या वर्षांतलं रक्त तपासलं. एपस्टाइन-बार नावाचा एक अगदी सर्रास आढळणारा विषाणू आहे. ८०१ आजारी जवानांपैकी फक्त एकाच्या रक्तात त्याची खूण सापडली नाही, बाकी सगळ्यांना आजाराआधी त्याची लागण झालेली. लागणीनंतर आजाराचा धोका ३२ पट. २०२२ च्या जानेवारीत हे छापून आलं तेव्हा त्या क्षेत्रातली माणसं उडालीच, कारण वर्षानुवर्षं नुसता संशय होता आणि तो पक्का करायला निरोगी माणसाचं आजाराआधीचं रक्त लागतं, ते कोणाकडे असणार? सैन्याकडेच.

पण यात एक मेख आहेच. ज्याने १९९५ साली एचआयव्हीसाठी दंड पुढे केला त्याला कुठे माहीत होतं की सत्तावीस वर्षांनी आपलं रक्त भलत्याच आजारासाठी उघडणार आहेत? नाव-गाव काढून टाकलेलं असतं हे मान्य, उपयोग झाला हेही मान्य. तरी साठवणार असाल तर आधी सांगा, एवढी अपेक्षा गैर नाही. म्हणून प्रत मागा.

प्रश्न: मुलगा यंदा नीटची परीक्षा देतोय. एएफएमसी मिळालं तर संशोधनाला वाव असतो का, की नुसती ड्युटी? आणि अमेरिकेतलं ते मिलिटरी मेडिकल कॉलेज जास्त चांगलं का?
— एक बाबा, हडपसर

अमेरिकेतलं विसरा, तिथे त्यांचेच नागरिक घेतात. १९७२ च्या कायद्याने ते कॉलेज निघालं, १९८० मध्ये पहिली बॅच बाहेर पडली, फी शून्य, उलट विद्यार्थी पहिल्या दिवसापासून अधिकारी आणि पगारी, बदल्यात पास झाल्यावर सात वर्षं नोकरी. आपलं एएफएमसी त्याच्यापेक्षा वयाने मोठं आहे. १ मे १९४८ चं, सुरुवातीला सैन्यातल्या डॉक्टरांना पुढचं शिक्षण द्यायला, एमबीबीएसची मुलं १९६२ पासून. डिग्री आता नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची मिळते. नोकरीचा बॉण्ड इथेही आहे, तो मुलाने स्वतः बसून वाचावा, तुम्ही वाचून सारांश सांगू नका.

संशोधनाला वाव आहे पण तो एमबीबीएसमध्ये शोधू नका, एमडीपासून पुढे. सैन्याची स्वतःची वैद्यकीय संशोधन समिती प्रकल्पांना पैसे देते, आणि फौजी डॉक्टरांचं जर्नल वानवडीतूनच निघतं. त्याचे जुने अंक नेटवर फुकट आहेत, मुलाला एखादा चाळायला द्या, कळेल आवडतंय का ते. तिकडच्यासारखं बाजूला उभं राहणारं मोठं फाउंडेशन आपल्याकडे नाही, पैसा मुख्यतः संरक्षण खात्याच्या रांगेतूनच येतो, आणि माझ्या मते ही उणीव आहे.

प्रश्न: आम्ही आठ जण जूनमध्ये बाइकवर लेहला चाललोय. या सगळ्या मिलिटरी संशोधनाचा आमच्यासारख्यांना काय उपयोग?
— एक रायडर, पिंपळे सौदागर

तुला तर सगळ्यात जास्त. १९६२ नंतर हजारो जवान घाईघाईने मैदानातून थेट हिमालयात चढवले गेले, त्यात कित्येक जण गोळी न लागता छातीत पाणी भरून गेले. सैन्यातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११,००० ते १८,००० फुटांवरच्या १,९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ मध्ये तो अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापला, जगभर आजही त्याचा दाखला देतात. त्यांनी सुचवलेलं सगळंच टिकलं नाही, लघवी वाढवणारं औषध ते देत होते ते या आजाराला आता देत नाहीत. पण हळूहळू चढा, थांबा, त्रास वाढला तर खाली उतरा, हे टिकलंय. लेह साधारण ११,५०० फुटांवर आहे. विमानाने जाऊन तिथे बाइक भाड्याने घेणार असाल तर पहिले दोन दिवस झोपा काढा, खारदुंग लाची खिंड कुठे पळून जात नाही. डोकं दुखतंय आणि उलटी होतेय अशा माणसाला कोणी चेष्टेने पुढे रेटायचं नाही. आणि उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरला विचारून, ग्रुपवर विचारून नाही.

प्रश्न: माझे दीर सैन्यात डॉक्टर होते, मागच्या वर्षी गेले. त्यांच्या नावाने पाच लाख रुपये फौजी वैद्यकीय संशोधनाला द्यायचेत. एका नातेवाइकाने त्या अमेरिकन फाउंडेशनचं नाव सुचवलं. द्यावेत का?
— एक वहिनी, प्रभात रोड

वहिनी, तिकडे नका पाठवू. वाईट संस्था म्हणून नाही, तुमचे पाच लाख तिथे समुद्रात टिपूस, करात सवलत मिळणार नाही आणि परदेशी रक्कम पाठवायची कटकट वेगळी.

आधी हे ठरवा की तुम्हाला संशोधनच हवंय की जवानांसाठी काहीतरी. कारण पुण्यात दुसरं सहज होतं. खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ पासून जखमी होऊन अपंगत्व आलेल्या जवानांना हुन्नर शिकवते. तिथेच खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी. एकदा जाऊन या, फोन करून वेळ घ्या, जवान व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात ते बघा आणि मग ऑफिसात बसून विचारा की आत्ता काय कमी पडतंय. उत्तर बहुतेक वेळा इमारत नसतं, बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होऊ नये म्हणून लागणारी चांगली गादी असतं. ध्वजदिन निधीही आहेच, ७ डिसेंबरचा, तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरता येतो.

संशोधनच हवं असेल तर पाच लाखांत प्रयोगशाळा होत नाही हे धरून चाला. पण सात टक्क्यांनी वर्षाला पस्तीस हजार येतात, त्यात एखाद्या एमडीच्या विद्यार्थ्याचं दुसऱ्या शहरातल्या परिषदेला जाणं-येणं आणि पेपर छापण्याचा थोडा खर्च आरामात निघतो, दरवर्षी, दिरांच्या नावाने. दिरांचा विषय काय होता? त्या विषयाच्या डॉक्टरांच्या संघटनेकडे असं पारितोषिक ठेवता येतं, नोंदणीकृत असतात त्या. सरकारी कॉलेजला थेट द्यायचं तर ते देणगी कुठल्या नियमाखाली घेतात, खर्चाचा हिशोब कोण देणार, हे आधी लेखी विचारा, तोंडी हो वर जाऊ नका, अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातात आणि नंतर आलेल्याला तुमचे दीर कोण ते माहीत नसतं.

आणि कुठेही द्या, चेकने द्या. २,००० च्या वर रोख दिलं तर देणगीवरची करसवलत मिळत नाही, आणि नव्या करपद्धतीत गेला असाल तर तसंही मिळत नाही, ते तुमच्या सीएला विचारून घ्या. संस्थेचा नोंदणी क्रमांक, पॅन आणि मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब मागा. जी संस्था हिशोब मागितल्यावर रागावते तिचं नाव चेकवर लिहू नका.